सातव्या दिवसाचा कोंबडा

सकाळी साडेसातला, डबा भरायच्या वेळी, मिनल गॅसच्या शेगडीखाली हात घालून कोंबड्याचं हाड शोधत होती.

"मिळालं काय गो?" सासूबाईंनी, म्हणजे सुलूबाईंनी, हॉलमधून विचारलं.

"नाही मिळालं. आणि आई, मला कामावर उशीर होतोय!"

"एक जरी कमी पडलं तरी लंगडा उठेल तो. नीट बघ."

मिनलने कपाळावर हात मारून घेतला. उठेल म्हणे! सोमवारी मेलेला, पातेल्यात उकडून मांस काढलेला कोंबडा उठणार, आणि तोही पूनम सागर सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर! शेवटी हाड मिक्सरच्या मागे सापडलं. आईंनी ते धुऊन पुसून हॉलच्या कोपऱ्यात नेलं. तिथे टोपलीखाली लाल फडक्यात बाकीची हाडं आणि पिसं बांधलेली होती. त्यात ते ठेवलं आणि गाठ मारली.

हा कोंबडा साईराजचा, मिनलच्या नवऱ्याचा. स्टेशनबाहेर टोपलीत गुलाबी रंगवलेली पिल्लं विकायला आली होती, त्यातलं एक त्याने हौसेने आणलं. दोन दिवस जगेल असं सगळे म्हणाले. ते मेलं तर नाहीच, वाढून तांबडा, काळ्या शेपटीचा दांडगा कोंबडा झालं आणि पहाटे पाचला बाल्कनीतून आरवायला लागलं. "भाभीजी, ये मुर्गा है या सायरन?" सोसायटीचे सेक्रेटरी दर आठवड्याला विचारायचे.

मग आठ महिन्यांपूर्वी साईराज काविळीने गेला. आईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्यांचा सगळा जीव मग त्या कोंबड्यात. या सोमवारी तोही मान टाकून पडला. तेव्हाही त्या रडल्या नाहीत. पदर खोचला आणि तडक पेणकरपाड्याला धाकू भगताकडे गेल्या.

येताना नियम घेऊन आल्या. हाड मोडायचं नाही. सात दिवस झाकून ठेवायचं. तोवर घरच्या थोरल्या बाईने अन्न सोडायचं, फक्त कोरा चहा. आणि बाई शुगरची! गुरुवारी बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ऍडमिट करावं लागेल, आणि मग माझ्या हातात काही नाही. घरात आता दोघीच उरलेल्या. ही पण गेली तर मी कुणाकडे बघायचं, या विचाराने मिनलला रडू येत होतं आणि तितकाच रागही.

शुक्रवारी संध्याकाळी ती कामावरून सरळ पेणकरपाड्याला गेली. धाकू ओटीवर लसूण सोलत बसला होता.

"काका, काय भरवलंत आमच्या आईंच्या डोक्यात? उपाशी मरतेय ती बाई!"

"मी न्हाय भरवलं पोरी. तीच डोक्यात घेऊन आलती. माझ्या पाठीच लागली. मी इतकंच बोललो, कोंबड्याचं करून बघ. उठला तर ये माझ्याकडं."

"आणि नाही उठला तर?"

"न्हायच उठायचा. मेलेला कोन उठतो काय? सात दिस वाट बघंल आन् आपसूक गप होईल. तू मदी पडू नको."

मधे पडू नको म्हणे! मिनलचं डोकंच फिरलं. गप कसली होतेय? कोंबडा नाही उठला तर ही बाई आणखी सात दिवस धरेल. तोवर हिलाच उचलून न्यावं लागेल.

रविवार, सातवा दिवस. सकाळी मिनल भाजी आणते सांगून चिकनच्या दुकानात गेली.

"भैया, गावठी मुर्गा है? लाल, काली पूंछवाला?"

"है ना. कितने पीस करूँ?"

"पीस नहीं, ज़िंदा."

"मॅडम, ज़िंदा ले जाके क्या करोगे?"

"घर में बिठाऊंगी! तुम दो ना!"

शेअर रिक्षात त्या मेल्याने पिशवीतून मान काढून शेजारच्या काकूंच्या दुधीला चोच मारली. काकू गुजरातीत बोलल्या ते तिने निमूट ऐकून घेतलं.

आई अंघोळीला गेल्या तेवढ्यात तिने लाल गाठोडं वॉशिंग मशीनमध्ये दडवलं आणि कोंबडा टोपलीखाली कोंबला.

बाराच्या ठोक्याला आईंनी हात जोडले, टोपली उचलली. कोंबड्याने पंख झटकले, टीव्हीच्या टेबलावर उडी मारली आणि घसा ताणून आरवला.

आई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. आठ महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. मिनलने त्यांना पोटाशी धरलं. फसवल्याचं वाईट वाटत होतं, पण छातीवरचा धोंडा उतरला होता.

"आता जेवायचं हं आई."

"वाढ. पोटभर वाढ."

त्यांनी वरणभात खाल्ला, वर तूप मागितलं, भात पुन्हा घेतला. मिनल समोर बसून नुसती बघत राहिली. झालं एकदाचं, सुटलो!

हात धुऊन आई आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या त्या नेसती साडी बदलून, स्टीलचा एक मोठा डबा उराशी धरून.

"हे काय? कुठे निघालात?"

"पेणकरपाड्याला. धाकू म्हणाला होता ना, कोंबडा उठला तर ये." आईंचा चेहरा नुसता फुलून आला होता. "खाडीत सोडली ती राख होती गो. हाडं मी आधीच काढून ठेवली होती."

आईंनी दारात चपला घातल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "पुढच्या रविवारपर्यंत साईराजचा तो निळा शर्ट तेवढा इस्त्री करून ठेव."