साधा प्रश्न

"चांदीचा करंडक तुम्ही चोरलात?" खोटं पकडणाऱ्या यंत्रामागून निरगुडकरांनी विचारलं.

"नाही," चंद्रात्रे म्हणाले. बोटांना, छातीला तारा लावलेल्या असूनही पडद्यावरची रेघ गरीब गाईसारखी शांत राहिली. क्लबाच्या या व्यवस्थापकाची नोकरी त्या रेघेवरच टांगलेली होती.

नियमाप्रमाणे मधूनमधून साधे, निरुपद्रवी प्रश्न पेरायचे असतात. निरगुडकरांना इतक्या वर्षांत असा एकच प्रश्न सुचला होता. "तुम्ही चहा बिनसाखरेचा पिता?"

"हो."

रेघ ताडमाड उडाली.

निरगुडकर गडबडले. चूक आपलीच असणार, असं त्यांना नेहमीच वाटे. त्यांनी तारा तपासल्या आणि पुन्हा विचारलं. रेघ आणखी उंच गेली. शेवटी चंद्रात्र्यांनी तारांसकट हात जोडले. "साहेब, मला मधुमेह आहे. घरी बिनसाखरेचा पितो, क्लबात मात्र भरपूर साखर घालून. हवं तर करंडक माझ्या नावावर लिहा, पण हे कुणाला सांगू नका. आमची ही बाहेरच बसलीय."

निरगुडकर बाहेर आले, तशा बाकावरून चंद्रात्रेबाई ताडकन उठल्या. "काय निघालं?"

"निर्दोष आहेत. करंडक त्यांनी घेतलेला नाही."

"मला ठाऊकच होतं. आमच्या ह्यांना खोटं बोलताच येत नाही हो."

"अजिबात येत नाही, वहिनी," निरगुडकर म्हणाले, आणि आपल्या बोटांना तारा नाहीत ना, हे त्यांनी हळूच पाहून घेतलं.