बिनतोंडाचा प्राणी

सातवीच्या मुलांना बाईंनी गृहपाठ दिला होता: तुमच्या घरात तग धरेल असा प्राणी काढा आणि कोणता अवयव कशासाठी, ते लिहा. एका मुलीच्या प्राण्याला सुपाएवढे कान होते, तळव्यांना मऊ गाद्या, पण तोंडच नव्हतं. बाईंनी वही वर्गाला दाखवली. “काय गं, हा फक्त वारा खाऊन जगणार?” वर्ग खो-खो हसला. मुलगी टेबलापाशी येऊन पुटपुटली, “बाई, तोंड उघडलं की बाबांचा पट्टा निघतो. मोठ्या कानांनी त्यांची पावलं जिन्यातच ऐकू येतात. मग आवाज न करता लपायचं.” बाईंनी जीभ चावली. वही मिटून त्या तिच्या कानाशी वाकल्या. “नुसत्या कानांवर हरीणही जगत नाही गं. ते कळपात राहतं. हे मुख्याध्यापिकांना सांगायला हवं.” “तुम्ही पण याल?” मुलीने विचारलं. “मी पुढे,” बाई म्हणाल्या, “तू मागे.”