तीस किलोचं गिऱ्हाईक

"वहिनी, एकटा माणूस आठवड्याला तीस किलो भाजी खाईल का? आपल्याला बनवतोय तो," टेम्पो वळवत दीर म्हणाला. "दुप्पट भावानं विकत असणार."

तिलाही तेच वाटत होतं. नवरा गेल्यावर मळा एकटीच्या अंगावर पडला. दलालाचा जाच नको म्हणून दिरानं मोबाईलवर तिच्या फोटोसकट जाहिरात टाकली आणि भाजी थेट शहरात पोचवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं आली, कुरकुर करून गेली. हा एकटाच टिकला. घासाघीस नाही, किडक्या कोबीबद्दल चकार शब्द नाही. फोन मात्र कधी उचलायचा नाही. फक्त मेसेज: "क्रेट खाली ठेवून जा."

आज ती त्याला रंगेहाथ पकडायला आली होती.

पहिल्याच मजल्यावर एक बाई दारात बसून भेंडी निवडत होती. भेंडी तिच्याच मळ्यातली.

"केवढ्याला घेतली?"

"घेतेय कुठली! वरचे काका वाटतात सगळ्या बिल्डिंगला. पैसे काढले की रागावतात. देवमाणूस आहे हो."

दुसऱ्या मजल्यावरही हेच ऐकलं. तिसरा मजला येईस्तोवर तिचा राग पार ओसरला होता. उलट, आपल्या मनात काय काय आलं याचीच लाज वाटत होती.

दार एका म्हाताऱ्यानं उघडलं. मागे एक खाट, एक स्टोव्ह. तिला पाहताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, घाबरू नका. आभार मानायला आलेय. तुमच्यामुळे मळा टिकला, पोरीची शाळा सुटली नाही. तुमचे उपकार..."

"आधी ऐकून घ्या." त्यानं चौकट घट्ट धरली. "मी ट्रक चालवायचो. तुमचे मालक सायकलवर होते. पोलिसांना माझा नंबर शेवटपर्यंत मिळाला नाही. पेपरात त्यांचं नाव-गाव वाचलं, पुढं त्याच नावागावाची तुमची जाहिरात दिसली."

तिला जिन्याचा कठडा धरावा लागला. मग तिनं कसंबसं तेच सांगितलं, ज्याच्या आधारावर तिनं तीन वर्षं काढली होती.

"जागच्या जागी गेले ते. सगळे म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल त्यांना."

म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

"आरशात दिसत होते मला. उठून बसले होते. हात हलवून थांब, थांब म्हणत होते."