दीड तासाचा चहा

साडेतीन वाजले तरी तिघंही चहाहून परतले नव्हते. केलगेरीहून आलेल्या सहा बायका गादीवर बसल्या होत्या. घरात लग्न होतं, आणि दत्तात्रय एकटाच इरकली साड्या उलगडून दाखवत होता. एकीला रंग दाखवावा तर दुसरीला पदर पाहायचा असायचा. शेवटी त्या कंटाळल्या, दोन साड्या घेऊन उठल्या आणि चाळीस उलगडलेल्या साड्या त्याला घड्या घालायला मागे ठेवून गेल्या.

दाजीबानपेठेतल्या या दुकानात तो सत्तावीस वर्षं उभा होता. बाकीचे तिघं, प्रवीण, राजू आणि श्रीलक्ष्मी, त्याच्या मानानं कालचे. पूर्वी ते दहा मिनिटांत चहा उरकून यायचे. गेले पंधरा दिवस मात्र दोनच्या ठोक्याला बाहेर पडायचे ते दीड-दीड तास उगवायचे नाहीत. पगार पुरा, काम निम्मं! वर श्रीलक्ष्मी जाताना पदर नीट लावून, केस विंचरून जायची. चहा प्यायला एवढा थाट कशाला, हे देवच जाणे.

पहिल्या दिवशी राजू त्यालाही पाठवायला निघाला होता. म्हणाला, "अण्णा, आज गादीवर मी थांबतो. तुम्ही जा यांच्याबरोबर." दत्तात्रयानं सांगितलं की दुकानाच्या वेळात तो चहा पीत नाही. दोन दिवसांनी प्रवीण जवळ आला आणि हळूच म्हणाला, "एकदा या की हो अण्णा. इथं बोलण्यासारखं नाही."

दत्तात्रय मनात हसला. सगळेच चोर झाले की ओरडणार कोण, असा यांचा डाव. त्यानं प्रवीणला चार लोकांत सुनावलं, की मी खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस आहे. तेव्हापासून तो तिघांशी कामापुरतंच बोलायचा. एका संध्याकाळी श्रीलक्ष्मीचा घरी फोन आला, तोही त्यानं उचलला नाही.

खरं तर तो घाबरला होता. दसरा तोंडावर आला तरी दुकानात नवा माल आला नव्हता. गिऱ्हाईक रोडावलं होतं. चौघांतला एक जण जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्याचं वय चौपन्न. बायको मालती संधिवातानं अंथरुणाला खिळलेली, मुलगी वेदश्री नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. साडी दाखवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. इथून बाहेर पडला तर या वयात त्याला दारात कोण उभं करणार? या विचारानं त्याची झोप उडाली होती.

म्हणून त्यानं ठरवलं होतं, की आपण एक मिनिटही हलायचं नाही. मालकाच्या डोळ्यांसमोर राहायचं. पाय सुजले तरी तो स्टुलावर टेकला नाही. डबासुद्धा उभ्या उभ्याच खायचा.

मालक मात्र काही बोलत नव्हता. श्रीहर्ष तिशीतला, वडील, अप्पा, गेल्यापासून गल्ल्यावर बसणारा. लहान असताना दत्तात्रयानं त्याला खांद्यावर घेऊन पेठेतली जत्रा दाखवली होती. तिघं निघाले की तो मान खाली घालून मोबाइल बघत बसायचा. भिडस्त पोरगा, दत्तात्रयाला वाटायचं, याच्या अशा स्वभावानं दुकान बुडेल.

काल श्रीलक्ष्मीनं पुन्हा गाठलं. "अण्णा, आज तरी या. उद्या वेळ राहणार नाही." तिचे डोळे पाणावले होते. त्याला ते ढोंग वाटलं.

आज साड्यांच्या घड्या घालता घालता त्याचा धीर सुटला. दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, असं त्यानं आजवर पाळलं होतं. पण आता प्रश्न त्याच्या पोटाचा होता. चाळिसावी घडी कपाटात ठेवून तो गल्ल्यापाशी गेला.

त्यानं सगळं सांगून टाकलं. तिघं रोज दीड तास गायब असतात, गिऱ्हाईक परत जातं, तो एकटा किती पुरणार. शेवटी तो म्हणाला, "मालक, कुणाला कमी करायचं असेल तर हे लक्षात घ्या. मी एक दिवसही हललो नाही. मला तेवढं ठेवा."

श्रीहर्षनं गल्ल्याचं कुलूप उगाच दोनदा ओढून पाहिलं.

"त्यांना मीच पाठवत होतो, अण्णा," तो म्हणाला. "दुकान विकलं मी. सोमवारी किल्ल्या द्यायच्या आहेत. सही होईपर्यंत पेठेत कुणकुण लागली असती तर भाव पडला असता, म्हणून दुकानात बोलू नका असं त्या तिघांना सांगितलं होतं."

दत्तात्रयानं काउंटरचा कठडा धरला.

"देशपांडे नगरात माझ्या भावोजींचं नवं शोरूम उघडतंय. त्यांना तुमच्या चौघांसाठी विचारलं. पंधरा दिवस रोज तासभर येऊन काम शिकायचं, एवढीच अट होती. रोज एकानं इथं थांबायचं आणि तिघांनी जायचं, असं ठरवून दिलं होतं. अप्पांचं दुकान विकलं हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून या तिघांना सांगायला लावलं."

"मग मी..." दत्तात्रय म्हणाला.

"तुम्ही एकदाही गेला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला आता नोकरी नकोच आहे. काल संध्याकाळी भावोजींनी तुमच्या जागी दुसरा माणूस घेतला."