सातवा बाण

"काका, पिवळ्यात!" शिकवणारी मुलगी ओरडली.

खरंच की! साहेबांच्या टार्गेटवर, अगदी मधल्या पिवळ्या गोलात, एक बाण रुतून बसला होता. रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब म्हणजे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. धनुष्यबाणाच्या या वर्गातला त्यांचा हा चौथा रविवार, आणि आजवर त्यांचे बाण टार्गेटपेक्षा गवतातच जास्त रमले होते. उजव्या हाताच्या टार्गेटसमोर त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, उभ्या होत्या. या वयात हे असलं शिकायला एकट्यानं यायची साहेबांना लाज वाटत होती, म्हणून केवळ सोबतीला आलेल्या.

"जमतंय हळूहळू," साहेब म्हणाले. छाती आपोआप पुढे आली.

शिट्टी वाजली तसे सगळे आपापले बाण गोळा करायला निघाले. प्रत्येकाला सहा बाण मिळत, सगळे सारखे, लाल पिसांचे. साहेबांनी टार्गेटच्या कडेचे दोन उपटले, पुढच्या गवतातले चार उचलले आणि मग अगदी सावकाश, चवीचवीनं, पिवळ्यातला काढला. कमरेच्या भात्यात टाकताना सवयीनं मोजले. सात भरले.

पुन्हा मोजले. उभा जन्म दुसऱ्यांची मापं तपासण्यात गेलेला माणूस, तो मोजण्यात काय चुकणार! सात म्हणजे सातच.

"माझे पाचच आहेत हो," पलीकडून बाईंचा आवाज आला.

साहेबांचा हात भात्यावरच थांबला. नेम धरताना कोणता डोळा मिटायचा यात बाईंचा हमखास गोंधळ व्हायचा, आणि मग बाण डावीकडे जायचा. त्यांच्या डावीकडे साहेबांचं टार्गेट होतं.

"अगं, हा तुझा." एवढंच तर म्हणायचं होतं. त्याला काय कष्ट पडतात? पण तेवढ्यात वर्गातल्या दाताच्या डॉक्टरीणबाई जवळ येऊन म्हणाल्या, "काका, आम्हालाही सांगा की गुपित." साहेब नुसते हसले.

"एक बाण कमी आहे," शिकवणाऱ्या मुलीनं जाहीर केलं. "सापडेपर्यंत कुणी धनुष्याला हात लावायचा नाही. गवतात राहिला तर कुणाच्या तरी पायात घुसायचा. काका, तुमचे सहा आहेत ना?"

"सहा," साहेब म्हणाले.

झालं. आठ माणसं गवतात वाकली. बाई तर गुडघ्यांवरच बसल्या आणि हातानं गवत बाजूला सारत पुढे सरकू लागल्या. "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला," म्हणत होत्या.

"असू द्या हो काकू," वर्गातला शिंपी म्हणाला. "माझी एक सुई हरवली की मी अख्खं दुकान पालथं घालतो. हा तर चांगला हातभर लांब आहे."

साहेबही वाकले. करतात काय! एका हातानं भाता दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं गवत चाळायचं, असा त्यांचा शोध चालला होता. वजनात मारलं म्हणून किती दुकानदारांना त्यांनी भर बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर झाडलं होतं! आज शरमेनं त्यांचे कान तापले होते. बाईंकडे मान वळवायचीसुद्धा हिंमत होत नव्हती.

पंधरा मिनिटं झाली. बाई कशाबशा उठल्या, गुडघे झटकले आणि त्या मुलीला म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून मी नाही येत गं. ह्यांना आता छान जमायला लागलंय, हे येतील. मी आपली उगाच मध्ये मध्ये."

आता तरी बोल, लेका, साहेबांनी स्वतःला बजावलं. तोंड उघडलंही. आणि पुन्हा मिटलं. ते तसेच टार्गेटच्या मागे गेले. कुणी बघत नाही असं पाहून भात्यातला एक बाण काढला, हळूच गवतात ठेवला, दोन पावलं मागे सरले आणि ओरडले, "सापडला!"

पुन्हा टाळ्या झाल्या, आणि या तर आधीच्यापेक्षा जोरात. "काकांची नजर म्हणजे नजर आहे बुवा," शिंपी म्हणाला. बाईंनी साहेबांच्या हातून बाण घेतला, रुमालानं पुसला आणि त्यांच्याच भात्यात परत ठेवला.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापाशी साहेब म्हणाले, "सोडू नकोस गं वर्ग. जमेल तुला."

"जमलं की आज," बाई म्हणाल्या. "पिवळ्यातला माझा होता."

साहेब जागीच उभे राहिले.

"मी सोडला तेव्हा तुमचे सहाही बाण मारून झाले होते. तुम्ही पाणी पीत होतात. मी डोळ्यांनी बघितला ना तिकडे जाताना."

"मग गवतात कशाला शोधत बसलीस एवढा वेळ?" साहेबांनी विचारलं. "आधीच गुडघे दुखतात तुझे."

"शोधत कुठे होते?" बाई म्हणाल्या. "वाट बघत होते. म्हटलं, आता सांगाल, मग सांगाल."