नवरदेवाच्या कट्यारीसाठी अर्ज

“‘माझ्या लग्नात हळदीपासून सप्तपदीपर्यंत हातात कट्यार धरण्याची परवानगी मिळावी.’” हवालदार कोळपेंनी अर्ज मोठ्याने वाचला आणि चष्म्यावरून वैजनाथकडे बघितलं. “टोकाला लिंबू लावणार ना?”

“हो साहेब. आत्या म्हणते, कट्यारीशिवाय नवरदेव उभा केला तर दृष्ट लागते.”

“असला अर्ज घेऊन आलेला तू पहिलाच रे!”

वैजनाथ हसला नाही. चाकू मारल्याबद्दल चार वर्षं आत काढून तो गेल्या दिवाळीत सुटला होता, आणि कुठलंही हत्यार जवळ बाळगणार नाही असं याच टेबलावर लिहून देऊन गेला होता. वरातीत कट्यार हातात दिसली, तर पुन्हा आत. होणाऱ्या बायकोला, रेश्माला, हे सगळं माहीत होतं. तिच्या वडिलांना मात्र लग्न झाल्यावर सांगायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

“सगळे तुझ्यासारखे विचारून वागले, तर आम्हाला कामच उरणार नाही,” कोळपे म्हणाले. “मोठे साहेब सही करतील, मी सांगतो त्यांना. फक्त लग्न खरं आहे, एवढी खात्री करावी लागते.” त्यांनी अर्जाला जोडलेली पत्रिका उलटी केली आणि खालचा नंबर लावला.

“साहेब, तो नंबर...”

कोळपेंनी हातानेच त्याला थांबवलं.

“हॅलो, मुलीचे वडील का? पोलीस ठाण्यातून बोलतोय. नाही नाही, घाबरू नका. जावई तुमचा आता अगदी सुधारलाय.”