फितीखाली दोन बोटं

कटिंग मास्तरांनी कात्री टेबलावर आदळली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंचं वाक्य अर्धंच झालं होतं.

"मास्तर, उद्यापासून तुमच्या वर्गात एक यंत्र येतंय, ते..."

"कळलं! तीस वर्षं मी झिजलो, आता खोकं आणून बसवा!"

आणि ते तरातरा निघूनही गेले. पुरतं ऐकून घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. बायको म्हणायची, "यांना घराला आग लागल्याचं सांगायचं तर 'आग' आधी म्हणावं, 'घर' मागाहून."

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. दोन हात, एक डोळा, आवाज मधाळ. शिवणशाळेतल्या पोरींनी पहिल्याच तासाला त्याचं नाव ठेवलं, खोकेबुवा. खोकेबुवा शेवटच्या बाकावर बसले आणि मास्तरांच्या हातांवरून डोळा हलवेनात.

"पाळत ठेवतंय मेलं," मास्तर घरी म्हणाले. "महिनाभरात माझ्या खुर्चीत दिसेल."

"सवत आल्यासारखे काय करताय!" बायको हसली.

पण जळायला कारण होतं. मधल्या सुट्टीत पोरींचा घोळका आता खोक्याभोवती. एकीनं तर मास्तरांदेखत त्याला विचारलं, बाहीचा गोल कसा काढू? खोक्यानं सांगितलं. तेही बरोबर! मास्तरांचा चहा कडू झाला.

वर त्याचे प्रश्न. "मास्तर, माप घेताना फितीखाली दोन बोटं का धरता?" भर वर्गात! आपलीच परीक्षा चाललीय, मास्तरांनी ओळखलं.

त्याच संध्याकाळी वर्ग सुटल्यावर त्यांनी आवाजात साखर घोळवली.

"ये बाबा, तुला आतली गोष्ट सांगतो. छातीचं माप घेताना फीत करकचून आवळायची. गिऱ्हाईकाला म्हणायचं, पोट आत, श्वास बंद!"

"पण तुम्ही तर श्वासाला जागा ठेवता."

"ती माझी जुनी खोड. तू नको लावून घेऊस. आणि शिकवताना कुणी 'का' विचारलं की खेकसायचं. प्रश्नानं हात मंदावतो."

"समजलं, मास्तर."

पुढचे पंधरा दिवस मास्तरांनी खोक्याला जितक्या मायेनं शिकवलं, तितक्या मायेनं पोटच्या पोरालाही शिकवलं नव्हतं. शिलाईसाठी जादा कापड सोडायचं नाही. टाके लांब घालायचे. फाटलं तर गिऱ्हाईकाच्या जेवणाला दोष द्यायचा.

महिनाअखेर तपासनीस साहेब आले. अंगानं भरभक्कम, मनानं भोळे.

"चला, बघू काय येतं याला," म्हणून तेच मापाला उभे राहिले.

"पोट आत! श्वास बंद!" खोकं गरजलं. साहेब टोमॅटोसारखे लाल.

"इतकं घट्ट का?" एका पोरीनं विचारलं.

"गप्प बस!" खोकं खेकसलं. मास्तरांच्या पोटात गुदगुल्या.

तासाभरात कोट तयार. साहेबांनी घातला, हौसेनं छाती फुगवली, आणि पाठ कॉलरपासून खालपर्यंत टर्रकन उसवली.

"तुमचं जेवण जास्त झालंय," खोकं नम्रपणे म्हणालं.

मास्तर ताडकन उठले. तीस वर्षांचा जोर आवाजात आणून म्हणाले, "बघितलंत साहेब? हे माझ्या जागी शिकवणार?"

साहेब फाटक्या कोटासकट बाकावर मटकन बसले.

"तुमच्या जागी? अहो, ते तुमच्या हाताखाली शिकायला आलं होतं. इतक्या शाळा पालथ्या घातल्या, तुमच्यासारखा मास्तर दुसरा मिळाला नाही, म्हणून एकट्या तुमच्याकडे पाठवलं. आज सकाळपासून चारशे शाळांत याची भावंडं याचीच विद्या शिकवताहेत, आणि प्रत्येक तासाआधी गुरू म्हणून तुमचं नाव घेताहेत."